सिरोंच्याचे न झालेले बंदर

उमरखेड तालुक्याच्या कडेने वाहणारी पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत उतरते. म्हणजे नकाशापुरती तरी उमरखेडच्या कापसाला थेट बंगालच्या उपसागरापर्यंत पाण्याची वाट आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकार या नकाशावर भाळले. १८५३ मध्ये वऱ्हाड हाती आले, तेव्हा इथला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला आणि तिथून गंगेतून कलकत्त्याला जात असे. धवळेश्वरचा बंधारा बांधणाऱ्या आर्थर कॉटन यांनी गोदावरीच्या जलमार्गाचा ध्यास घेतला. १८६०च्या तहात निजामाने डाव्या काठचा मुलूख दिला, नदीवरच्या मालाची जकात उठली आणि सिरोंचा ‘अपर गोदावरी’ या नव्या जिल्ह्याचे ठाणे बनले. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. सहस्रकुंडला पैनगंगा कोसळताना पाहिलेल्या माणसाला त्यांचे नवल वाटणार नाही. ते वळसा घालून ओलांडण्याची कामे सुरू झाली, १८७१ मध्ये थांबली आणि १८७४ मध्ये जिल्हाही मोडला.

सिरोंच्याचे होऊ घातलेले बंदर रेल्वेने मारले, असे सहज म्हणता येईल. १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोहोचले होते आणि अमेरिकन यादवीमुळे चढलेले कापसाचे भावही उतरले होते. पण त्याच काळात ब्रह्मदेशात इरावती नदीवर आगबोटी भामोपर्यंत जाऊ लागल्या. पुढे १८७७ मध्ये रंगून-प्रोम रेल्वे झाली, मंडालेपर्यंतही रूळ गेले, तरी त्या बोटी दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकल्या. नदीत बारमाही पाणी असेल, तर रेल्वे तिला एकाएकी मारत नाही. गोदावरीच्या या वरच्या भागात बोट चालण्याजोगे पाणी मुख्यतः पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस. वऱ्हाडात वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते. सरकी काढून, गठ्ठे बांधून, बंड्यांनी घाटावर माल आणेपर्यंत नदीचे पात्र उघडे पडायचे. माल पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवायचा, तर व्यापाऱ्याचे भांडवल अडकायचे आणि वर ओल, आग व उंदीर. बांधकामाने खडक टाळता येतो. उन्हाळ्यातले पाणी आणायचे कुठून?

यावर कोणी म्हणेल, सिरोंच्याच्या रानातले सागवान तर याच नदीने राजमहेंद्रीकडे जात होते. जात होते खरे. पण ओंडका पुराची वाट पाहत वर्षभर काठावर पडून राहिला तरी त्याची किंमत सहसा घटत नाही, आणि त्याला बोटही लागत नाही. शिवाय जंगलाचा पैसा मोजक्या ठेकेदारांच्या आणि सरकारच्या हाती जातो. बंदराचे गाव वसायला दोन्ही दिशांनी सतत माल लागतो. वर येणारे मीठ आणि कापड रिकाम्या पात्रातून कोण आणणार? वऱ्हाडचा कापूस मग खामगाव-अमरावतीच्या रुळांकडे वळला. उमरखेडच्या मुलखात मात्र त्या शतकात ना बोट आली, ना आगगाडी.