गवारीचा डिंक : कागद कारखान्यापासून वजन घटवणाऱ्या गोळीपर्यंत

१/
गवारीच्या कोवळ्या शेंगांची भाजी महाराष्ट्रात घरोघरी होते. जगाच्या बाजारात मात्र गवारीला मोल आले ते वाळलेल्या शेंगेतील बियांमुळे. या बियांच्या गरापासून जी पांढरट पूड काढतात, तीच ग्वार गम. आइस्क्रीमच्या वेष्टनावर स्टॅबिलायझरपुढे ४१२ हा आकडा दिसला, तर तो हिचाच. ही पूड माणसाच्या आहारात कशी शिरली आणि १९९० मध्ये तिच्या गोळ्या अमेरिकेच्या बाजारातून का हटवाव्या लागल्या, हा या धाग्याचा विषय.

२/
गवारीची रानटी जात भारतात सापडत नाही. तिचे जवळचे रानटी नातलग आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यात आढळते. त्यावरून थिओडोर हायमोविट्झ या अभ्यासकाने १९७२ मध्ये एक तर्क मांडला : साधारण नवव्या ते तेराव्या शतकात अरब व्यापारी घोडे जहाजांतून भारतात आणत, तेव्हा घोड्यांच्या वैरणीसोबत हे बी आले असावे. हा तर्कच आहे, पण मोठा देखणा तर्क आहे.

३/
१९०३ मध्ये गवार भारतातून अमेरिकेत गेली. तेथेही अनेक वर्षे ती चारा आणि हिरवळीचे खत यापलीकडे पोचली नाही.

४/
तिचे नशीब पालटले ते दुसऱ्या महायुद्धाने. कागद बनवताना लगद्यातील तंतू नीट बांधले जावेत म्हणून कॅरोब झाडाच्या बियांचा डिंक वापरला जाई आणि तो भूमध्य सागराच्या काठावरून येई. युद्धाने तो पुरवठा तुटला. पर्यायाचा शोध सुरू झाला आणि विस्कॉन्सिनमधील अ‍ॅपलटन येथील कागद-रसायन संस्थेत गवारीचे बी उपयोगी ठरले. दोन्ही डिंकांचे घराणे एकच : मॅनोज या शर्करेची लांब साखळी आणि तिला गॅलॅक्टोजच्या फांद्या. गवारीच्या साखळीला फांद्या अधिक, म्हणून कॅरोबचा डिंक गरम पाण्यात विरघळतो, तर गवारीचा थंड पाण्यातही. १९५३ च्या सुमारास अमेरिकेत त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. थोडक्या पुडीने पुष्कळ पाणी दाट होते, हे कळल्यावर तो आइस्क्रीम, सॉस आणि चीजमध्ये जाण्यास वेळ लागला नाही.

५/
येथून कथा वैद्यकात शिरते. १९७० च्या दशकात डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांचे सहकारी तंतुमय पदार्थांचा मधुमेहाशी असलेला संबंध तपासत होते. जेवणात ग्वार गम मिसळल्यास जेवणानंतरची रक्तशर्करा कमी चढते, असे त्यांना आढळले. १९७८ च्या त्यांच्या प्रयोगातील एक बारकावा विशेष लक्षात ठेवावा असा आहे. ग्वार गमची साखळी तोडून त्याचा दाटपणा घालवला, तेव्हा हा परिणामही नाहीसा झाला. म्हणजे गुण होता तो दाटपणाचा. पोटात दाट लगदा तयार होतो आणि साखर रक्तात सावकाश उतरते.

६/
हाच गुण घशाशी अडला. पाण्यात फुगणारी पूड पोट भरल्याचा भास निर्माण करील, या कल्पनेवर ‘कॅल-बॅन ३०००’ नावाच्या वजन घटवणाऱ्या गोळ्या अमेरिकेत विकल्या गेल्या. अन्नात मिसळलेली पूड आधीच भिजलेली आणि विखुरलेली असते, कोरडी गोळी मात्र भिजते ती गिळल्यानंतर. ग्वार गम फुगून दहा ते वीस पट होऊ शकतो. वाटेत कोठे थांबलीच, तर गोळी तेथेच बूच होऊन बसते.

७/
अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आलेल्या अशा २६ घटनांचा आढावा १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १८ जणांची अन्ननलिका, तर सात जणांचे लहान आतडे अडले होते. अन्ननलिका अडलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना आधीपासून अन्ननलिकेचा वा जठराचा विकार होता. उरलेल्यांना नव्हता, हेही तितकेच महत्त्वाचे. अन्ननलिकेला पडलेली चीर शिवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एक रुग्ण दगावला. कायद्याची बाजू पाहिली तर आश्चर्य वाटते : पदार्थ अन्नात मान्यताप्राप्त होता, एवढ्यावर त्याच्या गोळीविषयी कोणी फार प्रश्न विचारले नव्हते.

८/
१९९० मध्ये या गोळ्यांवर कारवाई झाली. १९९१ मध्ये चिठ्ठीविना मिळणाऱ्या वजन घटवणाऱ्या औषधांतून १११ घटक बाद ठरले, त्यांत ग्वार गमही होता. आइस्क्रीममधील त्याच्या स्थानाला धक्का लागला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ च्या फेरतपासणीत सर्वसाधारण लोकांसाठी दैनंदिन सेवनाची आकड्यातील मर्यादा घालण्याची गरज नसल्याचे म्हटले. लहान बालकांच्या विशेष आहाराबाबत मात्र माहिती अपुरी असल्याचेही नोंदवले.

९/
२००७ मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या ग्वार गममध्ये डायॉक्सिन आणि पेंटाक्लोरोफेनॉल आढळले, तो प्रश्न भेसळ-प्रदूषणाचा. डिंकाच्या स्वभावाचा नव्हे. २०१२ मध्ये अमेरिकेतील तेल-वायूच्या विहिरींना हाच डिंक हवा झाला, तेव्हा राजस्थान-हरियाणातील गवारीचे भाव एवढे भडकले की वायदेबाजार थांबवावा लागला. तो स्वतंत्र धाग्याचा विषय.

१०/
आज विद्राव्य तंतू म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत साखळी अंशतः तोडलेला ग्वार गम असतो. तो पाण्यात पातळच राहतो, म्हणून पिणे सोपे जाते. आणि जे डिंक अजूनही फुगतात, त्यांच्यासाठी अमेरिकेने १९९३ मध्ये नियम केला. तेव्हापासून तेथे इसबगोलसारख्या औषधांच्या डब्यावरही इशारा छापावा लागतो : किमान आठ औंस, म्हणजे भरलेला पेला पाण्यासोबत घ्या, पाणी कमी पडल्यास घसा अथवा अन्ननलिका अडू शकते, गिळताना त्रास होत असेल तर घेऊ नका.