रोजगार हमी योजना, महाराष्ट्र (हिंजवडीच्या संदर्भासह)

ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास ते पुरवण्याचे बंधन शासनावर घालणारी योजना; बोलीत ‘रोहयो’. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामांवर गेली, तेव्हा या कल्पनेची निकड सर्वांना पटली. १९७७ मध्ये कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यामागे हाच अनुभव होता.

पुण्याजवळच्या हिंजवडीशी योजनेचा संबंध पैशाचा आहे. रोहयोच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर सुरू झाला. कायद्यानुसार त्याच्या उत्पन्नाइतकीच भर राज्याने निधीत घालायची होती. तिथल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधील अभियंत्याच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये, कापलेले दिसतात ते याच करापोटी. कपात कशासाठी, हे बहुतेकांना ठाऊक नसते. उलट याच परिसरात इमारती उभारणाऱ्या स्थलांतरित मजुराला मात्र रोहयोचा इथे उपयोग नाही. त्याची कामासाठीची नोंदणी गावच्या ग्रामपंचायतीत असते. काम मागायचे तर गावी परतावे लागते.

पाश्चात्त्य देशांतील ‘भत्त्याकडून कामाकडे’ नेणाऱ्या कार्यक्रमांच्या पंक्तीत ही योजना बसवली, तर ते पूर्णपणे बरोबर नाही. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्याने गरजू कुटुंबांच्या मदतीला कामाची अट व पाच वर्षांची मर्यादा लावली. महाराष्ट्रात काम हाच हक्क ठरला आणि भत्ता मिळायचा तो काम देता आले नाही तर. व्यवहारात मात्र काम मागण्याचा नमुना ४ चा अर्ज भरून पोच मिळवणे हीच पहिली झुंज असते. पोच नसेल तर भत्त्याचा दावाही उभा राहत नाही.

वर्षानुवर्षे उन्हाळ्यात कामावर येणाऱ्यांच्या आयुष्यात योजनेने काय बदलले? बायकांच्या हाती स्वतःची मजुरी आली आणि जमीनमालकाशी मजुरीची घासाघीस करताना मजुरांना थोडा आधार मिळाला, ही तिची खरी कमाई. पण मजुरी मोजमापावर असल्याने थकलेल्या शरीराच्या पदरी कमी पडते, आणि हजेरीपट बंद झाल्यावरही पैसे रखडतात. १९८८ मध्ये मजुरीचे दर दुपटीने वाढले, तेव्हा कामांचे प्रमाण घटले. हमी कागदावर तशीच राहिली. कौशल्य शिकवणे योजनेच्या मूळ हेतूतच नव्हते. त्यामुळे आई ज्या बांधावर माती उचलत होती, तिथेच मुलगीही उचलताना दिसली, तर दोष तिच्या आळसाला देता येत नाही. १९९० पासून फळबाग लागवड जोडली गेली. तिचा लाभ अर्थातच जमीन असणाऱ्यांना. ज्यांना काम झेपतच नाही अशा निराधारांसाठी १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना वेगळी आहे.

रोहयो अंगमेहनतीच्या कामापुरती; सुशिक्षित बेरोजगारांसाठी २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणात बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठरले. पुढे मुदत पाच महिन्यांनी वाढली. मुदत संपल्यावर कायम नोकरीची हमी मात्र या योजनेत नाही, आणि प्रशिक्षणार्थींची आंदोलने त्याच मागणीसाठी झाली.