येड्यात काढणं: एक शब्द आणि कोल्हापूरचे एक छत्रपती

कोल्हापुरात कुणाला थाप मारून बघा, लगेच ऐकू येतं, ‘मला येड्यात काढतोस व्हय रं?’

हल्ली यासाठी ‘गॅसलायटिंग’ हा शब्द फिरतो. तो आला पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या ‘गॅस लाइट’ नाटकावरून. त्यावरच्या १९४४ च्या सिनेमात नवरा बायकोला पटवत राहतो, की तुला भास होतात. २०२२ मध्ये एका अमेरिकन शब्दकोशानं त्याला वर्षाचा शब्द ठरवलं.

पण आपल्या ‘वेड्यात काढणे’चे अर्थ दोन. एक, फसवणं. दुसरा, समोरच्याचं म्हणणं वेडेपणाचं ठरवून मोडीत काढणं. हा दुसरा अर्थ समजायला कोल्हापूरच्याच इतिहासात जाऊ.

१८७० मध्ये राजाराम महाराज इटलीत फ्लॉरेन्सला वारले. पुढच्या वर्षी सावंतवाडीच्या भोसले घराण्यातला मुलगा दत्तक आला. तेच चौथे शिवाजी महाराज. मुलगा लहान, त्यामुळे कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली. पुढे इंग्रजांनी सांगितलं, महाराजांना वेड लागलंय.

लोकांना ते पटेना. छळ होतोय, अशी कुजबुज सुरू झाली. १८८१ मध्येच सुरू झालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर थेट आरोप केले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. आरोपांना आधार असलेली पत्रं बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. १०१ दिवस.

महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. तिथं पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि २५ डिसेंबर १८८३ ला ते गेले. वय अवघं वीस. पुढच्या मार्चमध्ये त्यांच्या गादीवर दत्तक आले ते शाहू महाराज.

आता बघा. महाराज खरंच आजारी होते का, यावर आजही वाद होतो. बर्व्यांवरचा आरोप तर कोर्टात टिकला नाही. पण एक गोष्ट दिसते. माणसावर ‘वेडा’ हा शिक्का बसला, की त्याची तक्रारही आजाराचं लक्षण ठरते. चिडला तर वेडा, गप्प बसला तरी वेडा. मग त्याची बाजू त्याच्या तोंडून ऐकणार कोण? महाराजांच्या बाजूनं दुसरेच बोलले, तेही खोट्या पत्रांवर विसंबून.

म्हणून कुणी ‘मला येड्यात काढू नका’ म्हणालं, तर आधी त्याचं ऐकून घ्या. आणि दुसऱ्यावर बोट ठेवण्याआधी हातातला कागद खरा आहे का, तेही बघा.

भेटू पुढच्या भागात.