दोन चेहऱ्यांचा एक माणूस

मराठीत मूल हे ‘ते’ असते. मोठे झाले की त्याला ‘तो’ किंवा ‘ती’ व्हावेच लागते. ‘गेलो’ म्हणा नाहीतर ‘गेले’. क्रियापदच सारे सांगून टाकते.

ही सक्ती नाकारणारी एक व्यक्ती १८९४ साली फ्रान्समधील नांत शहरात जन्मली. घरचे नाव ल्यूसी श्वॉब. पुढे स्वतः घेतलेले नाव क्लोद काहून. क्लोद हे नाव तिकडे मुलाचेही असते, मुलीचेही.

काहून यांनी स्वतःलाच कॅमेऱ्यासमोर उभे केले. कधी पुरुषी कोट, कधी मुंडन, कधी गालांवर रंगवलेले बदाम. १९२८ च्या सुमारास दोन प्रतिमा एकत्र छापून केलेल्या छायाचित्रात एकाच देहाला दोन मुंडित डोकी आहेत. १९३० च्या पुस्तकासाठी जोडीदार मार्सेल मूर यांच्यासह छायाचित्रे कापून, जोडून चित्रे केली. फोटो म्हणजे पुरावा, असे आपण मानतो. इथे पुराव्याचीच उलटतपासणी झाली.

ही नुसती हौस नव्हती. १९४० मध्ये जर्मन फौजांनी जर्सी बेट घेतले, तेव्हा ही जोडी तिथेच राहत होती. दोघांनी ‘निनावी सैनिक’ अशा सहीने जर्मन भाषेत पत्रके लिहून शिपायांमध्ये युद्धाविषयी नाराजी पेरली. वेशांतराची विद्या इथे जिवावरची झाली. १९४४ मध्ये अटक आणि मृत्युदंड. १९४५ मध्ये मृत्युदंड रद्द झाला, म्हणून प्राण वाचले; त्याच वर्षी बेटही मुक्त झाले.

काहून यांचे निधन १९५४ मध्ये झाले. त्या दोन डोक्यांपैकी खरे कोणते, असे आपण विचारतो. खरी गोष्ट एवढीच, की दोन्ही एकाच खांद्यांवर आहेत.