परवाना कुणाचा, पारध कुणाची? सरकारी जंगलातील शिकारीचा इतिहास

१/ ताडोबा तलावाच्या काठी तारू या गोंड दैवताचे ठाणे आहे. तारू हा गावप्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना त्याने प्राण सोडले, असे लोककथा सांगते. त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव आले. माणूस, वाघ आणि रान यांच्या या जुन्या नात्यात एकोणिसाव्या शतकात चौथा पक्ष आला : सरकार.

२/ रानात मारलेल्या प्राण्याला 'शिकार' केव्हा म्हणायचे आणि 'चोरी' केव्हा? या प्रश्नाचे उत्तर रानाने दिलेले नाही. ते कायद्याने दिले, आणि ते देणारे स्वतःही शिकारी होते. त्या उत्तराचा हा इतिहास. #थ्रेड

३/ १८६४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात वनखाते स्थापन झाले. जर्मन वनशास्त्रज्ञ डिट्रिख ब्रँडिस त्याचे पहिले महानिरीक्षक. सरकारला हवे होते लाकूड : जहाजांसाठी साग, रेल्वेसाठी स्लीपर. पुढच्याच वर्षी पहिला वन कायदा आला. मालकीचा हक्क झाडापासून सुरू झाला. तो प्राण्यापर्यंत पोहोचायला फार काळ लागला नाही.

४/ १८७८ च्या वन कायद्याने जंगलांचे तीन वर्ग केले : राखीव, संरक्षित आणि ग्रामवने. संरक्षित वनात मनाई नसलेले सर्व काही करता येई. राखीव वनात परवानगी नसलेले काहीच करता येत नसे. गुरे चारणे, मध काढणे, फासे लावणे, मासे मारणे या रोजच्या गोष्टी एका अधिसूचनेने 'सवलती' ठरल्या.

५/ जुना हक्क सांगण्याची तरतूद कायद्यात होती. अधिसूचना निघाल्यावर किमान तीन महिन्यांची मुदत मिळे, आणि त्या मुदतीत मांडला न गेलेला हक्क सामान्यतः संपुष्टात येई. ज्यांचा हक्क वहिवाटीत होता, कागदावर कधीच नव्हता, त्यांच्यासाठी ही मुदत किती तोकडी होती हे सांगायला नको.

६/ हे सारे मुकाट्याने स्वीकारले गेले नाही. पुणे सार्वजनिक सभेने या कायद्याला विरोध केला आणि गावकऱ्यांना विश्वासात घेऊन जंगल राखावे असा आग्रह धरला. महात्मा फुल्यांनीही 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये गायराने आणि डोंगर गिळंकृत करणाऱ्या वनखात्यावर कोरडे ओढले.

७/ त्याच १८७८ साली लिटनच्या राजवटीत आणखी एक कायदा झाला : शस्त्र कायदा. हिंदी माणसाला बंदूक बाळगण्यासाठी परवाना आवश्यक ठरला; युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. हे दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. एकाने रानाचे दार बंद केले, दुसऱ्याने बंदुकीचे.

८/ शिकारीचे स्वतंत्र नियम प्रथम नीलगिरीत आकाराला आले. १८७७ मध्ये तेथे शिकाऱ्यांची संघटना स्थापन झाली आणि १८७९ मध्ये मद्रास सरकारने नीलगिरीपुरता शिकार व मत्स्य संरक्षण कायदा केला. शिकारबंदीचा हंगाम ठरला, परवाना आला. शिकार टिकावी म्हणून प्राणी टिकवायचे, हा त्यामागचा विचार होता.

९/ याच विचाराला एक नीतिसंहिता जोडलेली होती. बंदुकीने, मचाणावरून मारणे हा 'खेळ'. फासे, जाळी, वाघूर, पाणवठ्यावर दबा धरून बसणे ही 'चोरटी शिकार'. मचाणाखाली आमिष म्हणून रेडकू बांधलेले असले, तरी खेळाच्या प्रतिष्ठेला बाध येत नसे! साधनावरून माणसाची जात ठरवावी, तसा हा प्रकार होता.

१०/ मासेमारीतही तेच. १८९७ च्या मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंग उडवण्यावर आणि विष कालवण्यावर बंदी घातली. सुरुंगाने नदी खरोखरच उजाड होत असे. पण वनस्पतींचा रस पाण्यात टाकून मासे गुंगवण्याची आदिवासींची जुनी पद्धतही त्याच तराजूत तोलली गेली.

११/ एकीकडे संरक्षणाचे नियम, दुसरीकडे बक्षिसे! वाघ, बिबटे, लांडगे यांना 'उपद्रवी' ठरवून सरकार त्यांच्या हत्येसाठी पैसे देत होते. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखांवर बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले.

१२/ १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्यातही हीच दृष्टी दिसते. हरणे, ससे, तितर, मोर यांच्यासाठी बंदीचा हंगाम ठरवता येत होता. वाघ मात्र त्या यादीत नव्हता. १९२७ च्या वन कायद्याने जंगलातून आणलेली कातडी, सुळे, शिंगे आणि हाडे मध-मेणाबरोबर 'वनोपज' म्हणून मोजली.

१३/ राखीव जंगलांचे शिकारीसाठी 'शूटिंग ब्लॉक' पाडले गेले. परवानाधारक साहेब ठरलेल्या मुदतीसाठी ब्लॉक घेई, तंबू ठोकी. मग हाकारे देत रान उठवायला माणसे लागत. ती आसपासच्या गावांतलीच असत. ज्या रानात फासा लावल्यास ज्याला शिक्षा होई, त्याच रानात तोच माणूस हाकेकरी म्हणून चालत असे.

१४/ या व्यवस्थेचा सर्वांत कठोर घाव फासेपारध्यांवर बसला. नावातच ज्यांचे साधन आहे, असा हा समाज. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची व्याप्ती पुढे वाढत गेली आणि पारध्यांवरही जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायद्याने पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. समाजाच्या नजरेतून मात्र तो आजही पुरता गेलेला नाही.

१५/ स्वातंत्र्याने ब्लॉकची पद्धत संपवली नाही. शिकारी सहली भरवणाऱ्या कंपन्या परदेशी पाहुण्यांना घेऊन येत. जीप आणि प्रखर प्रकाशझोत हाती आल्यावर रात्रही सुरक्षित उरली नाही. ताडोबात शिकार १९३५ मध्येच बंद झाली होती आणि १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. पण असे भाग थोडे होते.

१६/ १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ मोजले गेले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता. तरीही काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने कायद्यात उरलेच होते. ते दार १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाले.

१७/ मासेमारीचा प्रश्न वेगळ्या वाटेने गेला. पेंच राष्ट्रीय उद्यानातून हलवलेल्या आदिवासींना तोतलाडोह जलाशयात मासेमारीचे ३०५ परवाने दिले गेले. वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १९९७ मध्ये न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, कडक अटी घातल्या. पोट आणि जंगल, दोन्ही बाजू ऐकून घेणारा असा निकाल विरळाच.

१८/ २००६ च्या वनहक्क कायद्याने वहिवाटीचे हक्क पुन्हा मान्य केले. जलाशयातील मासे त्यात आले. शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला गेला. आज उरलेले प्राणी पाहता हे वगळणे आवश्यकच होते. पण ८०,००० वाघ फाशांत अडकून संपले नव्हते. ते संपले बंदुकीने, बक्षिसाने आणि परवान्याने.

१९/ बंदी सर्वांसाठी सारखी आहे, तिची किंमत मात्र सारखी नाही. साहेबाचा एक छंद गेला. पारध्याची उपजीविका गेली, आणि दुसरी कोणी दिली नाही. संरक्षणाचा इतिहास लिहिताना हा जमाखर्च मांडल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. /समाप्त