वर्गाबाहेरचा संवाद : एकोणिसाव्या शतकातील मुंबईतील मिशनरी अध्यापक, त्यांचे विद्यार्थी आणि धर्मांतराचा प्रश्न

प्रस्तावना

महाराष्ट्रातील प्रबोधनाच्या इतिहासात मिशनरी शिक्षणसंस्थांचा उल्लेख सामान्यतः दोन संदर्भांत येतो. एक म्हणजे इंग्रजी शिक्षणाचा प्रसार आणि दुसरा म्हणजे हिंदू व पारशी धर्मांवर मिशनऱ्यांनी केलेली जाहीर टीका. या दोन्ही गोष्टी चव्हाट्यावर घडल्या. त्यांची कागदपत्रे, पुस्तिका व वृत्तपत्रीय वाद उपलब्ध आहेत, म्हणून अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे त्यांच्याकडे वळले. परंतु या संस्थांतील जे मोजके विद्यार्थी प्रत्यक्ष ख्रिस्ती झाले, त्यांच्या आयुष्यातील निर्णायक गोष्ट सभेत किंवा वर्गात घडलेली दिसत नाही. ती अध्यापकाच्या घरी, शाळा सुटल्यावर, दोन माणसांमधील बोलण्यात घडली. समाजाचा रोषही मुख्यतः या बंद दाराआडच्या बोलण्यावरच होता. प्रस्तुत लेखात मुंबई इलाख्यातील काही उदाहरणांच्या आधारे या खाजगी संवादाचे स्वरूप आणि त्यातून उभे राहिलेले वयाचे, पालकत्वाचे व संमतीचे प्रश्न यांचा विचार केला आहे.

जाहीर वाद आणि त्याची मर्यादा

स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन (१८०४-१८७५) हे १८२९ मध्ये मुंबईत आले. कोकणात राहून त्यांनी प्रथम मराठीचा अभ्यास केला आणि लवकरच मुंबईतील शास्त्री-पंडितांशी धर्मविषयक वादसभा सुरू केल्या. मोरभट दांडेकर यांनी त्यांना ‘हिंदुधर्मस्थापना’ या ग्रंथाने उत्तर दिले आणि विल्सन यांनी त्याचे खंडन प्रसिद्ध केले. पारशी धर्मग्रंथांविषयीही त्यांनी असाच वाद चालविला. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जो वाद केला, तो या परंपरेतील सर्वांत गाजलेला प्रसंग होय. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने तो पुस्तकरूपाने नोंदवून ठेवला.

या वादांनी मराठी गद्याला व धर्मचिकित्सेला चालना दिली हे निर्विवाद आहे. मात्र धर्मप्रसाराच्या दृष्टीने त्यांचे फळ अल्प होते. जाहीर वादात माणूस आपल्या पक्षाचा प्रतिनिधी म्हणून उभा असतो. श्रोत्यांसमोर हार मानणे म्हणजे आपल्याबरोबर आपल्या ज्ञातीला हरविणे. अशा जागी मनातील शंका उघड करणे कोणासही शक्य नव्हते. मोरभटांना ते शक्य नव्हते आणि विल्सन यांनाही नव्हते.

१८३२ मध्ये विल्सन यांनी गिरगावात आंब्रोळी येथे इंग्रजी शाळा काढली. पुढे तिचे ‘जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन’मध्ये रूपांतर झाले आणि त्याच परंपरेतून आजचे विल्सन महाविद्यालय आले. वर्गात बायबल हा नेमलेला विषय होता, तो सर्वांनाच शिकावा लागे आणि बहुतेक विद्यार्थी तो इतर विषयांसारखाच पाठ करीत. इंग्रजी येत असल्याने नोकरी मिळेल या हिशेबाने पालक मुलांना तेथे पाठवीत. बायबलचा तास ही त्या शिक्षणासाठी मोजावी लागणारी किंमत होती आणि ती परवडण्याजोगी आहे असा त्यांचा अंदाज होता. बहुसंख्य कुटुंबांच्या बाबतीत तो खराही ठरला.

अध्यापकाच्या घरी

कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी १८३० पासून इंग्रजी शिक्षणावर सर्व भर दिला होता. मुंबईतील स्कॉटिश मिशनऱ्यांनी इंग्रजीबरोबर देशी भाषांचाही आग्रह धरला. विल्सन, रॉबर्ट नेस्बिट (१८०३-१८५५) आणि जॉन मरे मिचेल (१८१५-१९०४) हे तिघेही मराठीचे अभ्यासक होते आणि त्यांपैकी नेस्बिट यांच्या मराठीचा लौकिक विशेष होता. या गोष्टीचे महत्त्व वर्गात फारसे जाणवत नसावे, पण वर्गाबाहेर ते मोठे होते. इंग्रजीत प्रश्नाचे उत्तर देता येते, परंतु मरणाची भीती, पापाची टोचणी, आईशी झालेले भांडण हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला त्याच्या घरच्या भाषेतच सांगता येते. हे ऐकून घेणारा वडीलधारा माणूस त्या काळच्या एकत्र कुटुंबात मुलाला सहसा भेटत नसे. वडिलांशी असे बोलण्याची रीत नव्हती आणि गुरुजींशी तर नव्हतीच. युरोपीय अध्यापकाने विद्यार्थ्याला समोर खुर्चीवर बसवून त्याचे मत विचारावे, ही घटनाच पुष्कळांना त्यातील धर्मोपदेशापेक्षा अधिक नवी वाटली असेल.

तथापि हा संवाद दोन समान व्यक्तींमधला नव्हता. एका बाजूस राज्यकर्त्यांच्या वर्णाचा, वयाने व विद्येने श्रेष्ठ असलेला, शिफारसपत्र देऊ शकणारा अध्यापक होता. दुसऱ्या बाजूस अर्थार्जन नसलेला विद्यार्थी होता. शिवाय बोलणे पुढे गेले की ते गुप्त ठेवणे भाग पडे, कारण घरी कळताच शाळा बंद होणार हे निश्चित होते. गुप्ततेमुळे संशय वाढे आणि संशयामुळे गुप्तता अधिक कडक होई. बाप्तिस्म्याचा दिवस ठरला की विद्यार्थी घर सोडून मिशनरीच्या बंगल्यात राहावयास जाई. ज्ञातीतून तुटलेल्या मुलाला अन्यत्र थाराच नव्हता. यातून मिशनऱ्यांना तो आश्रय वाटे आणि घरच्यांना अपहरण वाटे. आपापल्या जागेवरून दोघांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे.

१८३९ : धनजीभाई नवरोजी

मे १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईतील पारशी समाजात त्यामुळे अभूतपूर्व खळबळ उडाली. धनजीभाई विल्सन यांच्या घरी आश्रयास होते. त्यांचा ताबा मिळावा म्हणून नातेवाइकांनी सर्वोच्च न्यायालयात ‘हेबिअस कॉर्पस’चा अर्ज केला. मुलगा स्वतःचा निर्णय घेण्याइतका जाणता आहे असे मानून न्यायालयाने त्याला इच्छेनुसार जाण्याची मोकळीक दिली. तो विल्सन यांच्याकडे परत गेला. शाळेतील पारशी विद्यार्थी मोठ्या संख्येने निघून गेले आणि मिशनऱ्यांच्या कार्याला आळा घालावा अशी मागणी करणारा अर्ज सरकारकडे गेला. सरकारने त्यात हस्तक्षेप केला नाही.

धनजीभाई १८४३ मध्ये विल्सन यांच्याबरोबर स्कॉटलंडला गेले, एडिंबरोत धर्मशास्त्र शिकले आणि १८४६ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९०८ मध्ये त्यांचे निधन झाले व पुढील वर्षी ‘फ्रॉम झोरोऍस्टर टु क्राइस्ट’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. सुमारे सात दशके ते आपल्या निर्णयावर ठाम राहिले, हे त्यांना फूस लावली गेली असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. मात्र विल्सन यांच्या शाळेतील बाके रिकामी झाली, याचाही अर्थ लावला पाहिजे. पारशी पालकांना बायबलच्या तासाची भीती सात वर्षे वाटली नव्हती. ती वाटली अध्यापकाच्या घराची. पुढे १८४९ मध्ये जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून पारशी मुलांसाठी स्वतंत्र शिक्षणसंस्था उभी राहिली. तिची कारणे अनेक होती, पण आपली मुले आपल्या शाळेत शिकावीत ही भावना १८३९ नंतर तीव्र झाली होती.

शेषाद्री बंधू

धनजीभाईंच्या खटल्याने प्रौढ विद्यार्थ्याचा प्रश्न सोडविला. त्याहून अवघड प्रश्न चार वर्षांनी आला. सप्टेंबर १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या आश्रयास आला होता. त्याचे वय सुमारे बारा वर्षांचे होते. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. श्रीपतच्या दृष्टीने ते तेथे सुरू झाले. त्याने बाप्तिस्मा घेतला नव्हता, परंतु मिशनऱ्यांच्या घरी राहून अन्नपाणी घेतले होते. त्याला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबई-पुण्याच्या ब्राह्मणवर्गात प्रचंड वाद झाला. बाळशास्त्री जांभेकर यांनी मुलाची बाजू घेतली व त्यासाठी कर्मठांचा रोष पत्करला. कर्मठ पक्षाने अखेरपर्यंत हट्ट सोडला नाही. मुलगा मिशनऱ्यांनी पळविला असा आक्रोश करणाऱ्या समाजाने तो परत मिळाल्यावर दार लावून घेतले, हा या प्रकरणातील सर्वांत विषण्ण करणारा भाग होय.

दुसरी बाजूही तपासली पाहिजे. बारा वर्षांच्या मुलाची श्रद्धा खरी असू शकते. तो वडील भावाच्या मागोमाग आला होता आणि परत जाण्यास नाखूष होता. परंतु त्याच्याशी एकांतात जे बोलणे झाले असेल, त्यात नकार देण्याची ताकद त्याच्याकडे कितपत होती, हा प्रश्न मिशनऱ्यांनी स्वतःला विचारल्याचे दिसत नाही. न्यायालयाने वय मोजले, पंचांनी विटाळ मोजला, मिशनऱ्यांनी श्रद्धा मोजली. नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या मुलुखात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत स्थापन करून दलित समाजात काम करते झाले. श्रीपतचे नाव मात्र इतिहासात एका शुद्धिप्रकरणाचे शीर्षक होऊन राहिले.

बाबा पदमनजी आणि जोतीराव फुले

बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांचे ‘अरुणोदय’ (१८८४) हे आत्मचरित्र या विषयाचे मराठीतील सर्वांत मोलाचे साधन आहे. बेळगावच्या कासार कुटुंबात जन्मलेले पदमनजी तेथील मिशन शाळेत व पुढे मुंबईस फ्री चर्चच्या संस्थेत शिकले आणि १८५४ मध्ये बेळगाव येथे ख्रिस्ती झाले. मधली कित्येक वर्षे त्यांची घालमेल चालू होती. मूर्तिपूजेवरचा विश्वास उडाला, परमहंस सभेच्या मंडळींशी संबंध आला, ख्रिस्ती धर्म मनाला पटू लागला, तरी पाऊल पुढे पडेना. एका भेटीत, एका युक्तिवादाने मन पालटले असा प्रकार येथे नाही. वाचन, मित्र, अध्यापक आणि स्वतःशी चाललेला वाद यांचा हा दीर्घ प्रवास आहे. मिशनरी अहवालांतील त्रोटक यशोगाथा वाचताना ‘अरुणोदय’ शेजारी ठेवावे.

याच काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ ते १८४७ या वर्षांत जोतीराव फुले शिकत होते. मिशनऱ्यांशी त्यांचा निकटचा परिचय होता व तो पुढेही राहिला. ‘तृतीय रत्न’ या १८५५ च्या नाटकात त्यांनी पाद्रीला सहानुभूतीने रंगविले आहे. तरीही ते ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनऱ्यांशी झालेल्या संवादातून त्यांनी जे घ्यावयाचे ते घेतले आणि बाकीचे नाकारले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ (१८९१) यात त्यांनी एकाच कुटुंबातील माणसे आपापल्या विचाराने भिन्न धर्म स्वीकारून प्रेमाने एकत्र राहतील असे चित्र रेखाटले आहे. धनजीभाईंचे किंवा शेषाद्रींचे घर ज्या ठिकाणी फुटले, नेमके त्याच ठिकाणी जोतीरावांनी बोट ठेवले. निवड व्यक्तीची असावी, पण त्यासाठी घर सोडावे लागू नये.

धोरण, कायदा आणि नवे स्वरूप

१८५४ च्या वूडच्या खलित्यात या विषयावरील एक सूक्ष्म तरतूद आहे. सरकारी शिक्षणसंस्था धर्मनिरपेक्ष राहतील, परंतु ग्रंथालयात बायबल ठेवण्यास आणि विद्यार्थ्यांनी आपखुशीने ख्रिस्ती धर्माविषयी प्रश्न विचारल्यास अध्यापकांनी शाळेच्या वेळेबाहेर उत्तर देण्यास हरकत नसावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे वर्गात जे निषिद्ध ते वर्गाबाहेरच्या संवादात मान्य. आपखुशी कशास म्हणावे हे मात्र खलित्याने सांगितले नाही. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क १८५० च्या एकविसाव्या कायद्याने सुरक्षित केला, तर धर्मांतरितांच्या मोडलेल्या विवाहांची सोय १८६६ च्या एकविसाव्याच कायद्याने झाली. क्रमांकाचा हा योगायोग सोडला तरी, एका खोलीतील संभाषणाचे पडसाद मालमत्तेपासून विवाहापर्यंत कसे पोहोचले याची साक्ष हे कायदे देतात.

विद्यापीठांच्या स्थापनेनंतर महाविद्यालयांतील विद्यार्थिसंख्या वाढली आणि बाप्तिस्मे जवळजवळ थांबले. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे विल्यम मिलर यांनी एकेका विद्यार्थ्याचे धर्मांतर हे महाविद्यालयाचे उद्दिष्टच नव्हे, ख्रिस्ती विचार समाजात झिरपावा एवढे पुरे, अशी भूमिका मांडली. व्यक्तिगत संपर्काचे काम मग वसतिगृहांकडे आणि वाय.एम.सी.ए.सारख्या संघटनांकडे गेले. जॉन मॉट यांच्या १८९५-९६ च्या दौऱ्याने त्याला गती आली. पुढे १९१२ मध्ये स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट आणि १९५४ मध्ये युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया या संघटना स्थापन झाल्या. त्यांत उपदेश करणारा अध्यापक नसून बरोबरीचा विद्यार्थी होता, हा फरक लहान नाही. दरम्यान मिशन महाविद्यालयांतील सक्तीच्या बायबल-तासातून सूट मिळण्याचे कलम असावे, अशी मागणी पहिल्या महायुद्धाच्या काळात भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री यांनी केली होती.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने अनुच्छेद २५ मध्ये सद्सद्विवेकाचे व धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य दिले. अनुच्छेद २८(३) नुसार राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या संस्थेत कोणासही त्याच्या संमतीवाचून, आणि अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणास किंवा उपासनेस उपस्थित राहावयास लावता येत नाही. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही असा निर्णय दिला. अनुच्छेद २८(३) मधील पालकाच्या संमतीचे शब्द श्रीपत शेषाद्रीच्या वयाच्या मुलाला लागू पडतात. परंतु ते नेमलेल्या तासासाठी आहेत. तास संपल्यावर अध्यापकाच्या घरी जाऊन प्रश्न विचारणाऱ्या सज्ञान विद्यार्थ्याविषयी संविधान अनुच्छेद २५ पलीकडे काही सांगत नाही.