एक घर, दोन वह्या

मुख्याध्यापकाच्या टेबलावरचे हजेरीपत्रक ही वरवर पाहता नुसती नावांची आणि खुणांची वही. पण नीट चाळली तर गावाची नाडी तिच्यात सापडते. काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीच्या नावापुढे दीड महिना गैरहजेरीच्या खुणा दिसल्या. दोनदा निरोप धाडले, उत्तर नाही. शेवटी मीच घरी गेलो. आई क्षयाने अंथरुणाला खिळलेली, आणि मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन चुलीपुढे बसलेली. फडताळावर आरोग्य केंद्राचे उपचाराचे कार्ड होते. आरोग्यसेविका त्या घरी नेमाने येत होती. तिच्या वहीत आईचे नाव होते, माझ्या वहीत मुलीचे. एकाच घराच्या या दोन सरकारी वह्यांची आजवर गाठ पडली नव्हती.

त्या दिवसापासून मी आपल्या देशातील नियोजनाचा इतिहास निराळ्या नजरेने वाचू लागलो.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने आरोग्याचा आराखडा सरकारला सादर केला. उपचार आणि रोगप्रतिबंध या दोन्ही गोष्टी एकाच हातांनी व्हाव्यात, ही त्याची मुख्य धारणा. पहिल्या टप्प्यात चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि पुढे दहा ते वीस हजारांमागे पंचाहत्तर खाटांचे रुग्णालय, अशी त्यातली स्वप्ने. प्रत्यक्षात १९५२ साली समूह विकास योजना सुरू झाली, तेव्हा साठ हजार ते लाखभर वस्तीच्या एका गटाला एक केंद्र मिळाले. शिक्षणाची कथाही अशीच. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, असे घटनेच्या ४५ व्या कलमाने सांगितले. म्हणजे मुदत १९६० ची. शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवणारी घटनादुरुस्ती २००२ साली झाली आणि तिचा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. मुदत टळून पन्नास वर्षे झाली होती!

तरीही काहीच झाले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. १९५१ साली साक्षरता सुमारे अठरा टक्के होती, ती २०११ पर्यंत चौऱ्याहत्तर टक्क्यांवर गेली. तेव्हा बत्तीस वर्षांच्या आसपास असलेले सरासरी आयुर्मान आता सत्तरीच्या घरात आहे. खंत आहे ती निराळीच. पैसा तोकडा होता हे खरे. पण जो होता तोही दोन खात्यांच्या दोन नळांतून आला, आणि घर मात्र एकच होते.

हे ज्याने फार आधी ओळखले, तो माणूस आपल्याच भागातला. जयंत पांडुरंग नाईक, म्हणजे जे. पी. नाईक. जन्म १९०७, गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या आजरा तालुक्यातले बहिरेवाडी, कॉलेजशिक्षण धारवाडला. कायदेभंगाच्या चळवळीत बल्लारीच्या तुरुंगात गेले, तेथे कन्नड शिकले आणि आजारी कैद्यांची शुश्रूषाही केली. सुटल्यावर धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या कन्नड खेड्यात त्यांनी मुक्काम ठोकला. मराठी मातीतला हा तरुण त्या गावात औषधपाणीही पाहत होता, स्वच्छताही आणि शाळाही. गावाला खाती नसतात, हा धडा त्यांना दिल्लीत नव्हे, तेथे मिळाला असणार, असे मला वाटते. पुढे गारगोटीचे मौनी विद्यापीठ त्यांच्याच प्रेरणेने उभे राहिले.

१९६४ साली नेमलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले. १९६६ च्या अहवालाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम १९८५-८६ पर्यंत शिक्षणावर खर्च व्हावी असे सुचवले. परिसरातील सर्व थरांतली मुले एकाच शाळेत शिकावीत असेही सांगितले. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही शैक्षणिक धोरणांनी त्या सहा टक्क्यांचा उच्चार केला. आकडा गाठला एकानेही नाही. समता, गुणवत्ता आणि संख्या हा त्रिकोण जुळत नाही, याची चिंता नाईकांनी १९७५ च्या पुस्तकात मांडली. आणि अखेरच्या वर्षांत हा शिक्षणतज्ज्ञ वळला आरोग्याकडे. सामाजिक शास्त्रे व वैद्यकीय संशोधन या दोन राष्ट्रीय परिषदांच्या अभ्यासगटाने ‘सर्वांसाठी आरोग्य’ हा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध केला. त्या कामात नाईकांचा मोठा वाटा होता. दारिद्र्य, शिक्षण, आहार आणि औषध यांचा विचार एकत्रच व्हायला हवा, हा त्याचा गाभा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते वारले.

जेथे दोन वह्या जुळल्या तेथे फळ दिसले. १९८२ साली तमिळनाडूने मोठ्या प्रमाणावर चालवलेली शालेय जेवणाची योजना, २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर देशभर शिजू लागलेले ताजे अन्न, ही त्याची उदाहरणे. ताटात वाढलेला भात हा शिक्षणाचा खर्च की आरोग्याचा, हे कोणत्या हिशेबनिसाने सांगावे?

आता त्या मुलीविषयी. आरोग्यसेविकेशी बोलणे झाले; भावाला अंगणवाडीत घेतले, आईने सहा महिन्यांचे औषध पुरे केले. मुलगी दिवाळीनंतर शाळेत आली आणि दहावी पास होऊन गेली. समाधान वाटले, पण त्याहून अधिक बोचले ते दुसरेच. त्याआधी किती नावांपुढे मी ‘कायम गैरहजर’ लिहून तांबडी रेघ ओढली होती! त्या घरी गेलो नाही, कारण आजार हे माझे खाते नव्हते.

आमच्या भागात भाषेची वेस आहे, तिच्यावर आपण पुष्कळ बोलतो. शाळा आणि दवाखाना यांमधली वेसही तेवढीच जुनी आहे. ती ओलांडायला दिल्लीच्या आराखड्याची वाट पाहावी लागत नाही. कधी कधी गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाणे पुरते.